इंची ड्रिल, मिलिमीटरचे काम

इंची मापाच्या जुन्या ड्रिलांचे आज करायचे काय, या एकाच प्रश्नाला ही पुस्तिका वाहिलेली आहे. प्रश्न छोटा वाटेल, पण महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर तो पत्र्याच्या डब्यात पडून आहे. मुंबईच्या गिरण्या, परळ, माटुंगा आणि कुर्डुवाडीची रेल्वे वर्कशॉपे, किर्लोस्करवाडी, साताऱ्याचा कूपर कारखाना, कोल्हापूरचे उद्यमनगर अशा ठिकाणी ज्यांच्या घरातल्या कुणी फिटर किंवा टर्नर म्हणून आयुष्य काढले, त्यांच्याकडे असा डबा बहुधा निघतोच. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेली ड्रिले असतात. कुणाच्या दांड्यावर ३/१६ कोरलेले असते, कुणाच्या १७/६४. काहींवर नुसता ३० किंवा २९ हा आकडा, आणि एखाद्यावर एकटेच इंग्रजी ‘एफ’. घरातला मुलगा किंवा नात हँड ड्रिल विकत घेते, त्याच्याबरोबर १ ते १३ मिमीचा नवा संच घेते, आणि जुना डबा भंगारवाल्याच्या काट्यावर जातो.

तो डबा काट्यावर जाऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिले आहे. आजोबांची आठवण म्हणून तो कपाटात ठेवावा, असे मला म्हणायचे नाही. ती ड्रिले रोजच्या कामात यावीत, नव्या संचाच्या शेजारी उभी राहावीत आणि नवा संच जिथे अडतो तिथे हाताशी यावीत, असे म्हणायचे आहे. नवा संच पुष्कळ ठिकाणी अडतो, हे पुढच्या पानांत आकड्यांनिशी दाखवले आहे.

इंच आपल्याकडे यंत्रांबरोबर आला. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, त्याच दशकात मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली, आणि इंजिनांपासून लेथपर्यंत सगळा सरंजाम विलायतेहून बोटीने उतरू लागला. त्या यंत्रांचे बोल्ट जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीचे होते: आट्यांचा कोन ५५ अंश आणि प्रत्येक व्यासाला इंचामागे ठरलेले आटे. पीळ असलेले ड्रिल त्यानंतरचे. अमेरिकेतल्या स्टीफन मोर्स यांनी १८६३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याआधी लोखंडात भोक पाडायला चपट्या पात्याची ड्रिले असत आणि कीस बाहेर काढण्यासाठी हात सारखा थांबवावा लागे. टेलर आणि व्हाइट या अमेरिकन जोडीने विसाव्या शतकाच्या तोंडावर हायस्पीड स्टील कसे पाजायचे ते दाखवले, आणि आज आपण वापरतो ते ड्रिल पूर्ण झाले. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा. १९५८ च्या ऑक्टोबरपासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. पण कारखान्यातली यंत्रे कायदा झाला म्हणून त्याच दिवशी बदलत नाहीत. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे दोन्ही मापांची ड्रिले एकाच टेबलावर नांदली. बांधकामावर सळई आजही तीन सुती, चार सुती म्हणून मागतात. एक सूत म्हणजे १/८ इंच, हे तिथल्या पोरालाही ठाऊक असते.

आता मुख्य मुद्दा. ड्रिलला इंच कळत नाही आणि मिलिमीटरही कळत नाही. त्याला फक्त व्यास असतो. दांड्यावर काय कोरले आहे ही कारखान्याची सोय. भोकाला कामाचा असतो तो टोकाशी मोजलेला व्यास. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी. तेव्हा १/४ इंची ड्रिल हे ६.३५ मिमीचे ड्रिल आहे, १७/६४ हे ६.७५ चे, १३/३२ हे १०.३२ चे. हे एकदा मनाने स्वीकारले, की ‘इंची’ आणि ‘मेट्रिक’ असे दोन डबे ठेवायचे कारण उरत नाही. सगळी ड्रिले एकाच रांगेत, चढत्या व्यासाने लावावीत आणि प्रत्येकाच्या खाचेपुढे मिलिमीटरमधला आकडा लिहावा. माझ्या मते या पुस्तिकेतले सर्वांत मोलाचे काम हेच आहे. बाकीच्या युक्त्या त्याच्यामागून येतात.

रांग लावायला मायक्रोमीटर असला तर उत्तम, नाहीतर बऱ्या प्रतीचा व्हर्नियर पुरतो. मोजायचे ते टोकाजवळ, दोन्ही कडांच्या चिंचोळ्या पट्ट्यांवर. ड्रिल टोकाकडून दांड्याकडे किंचित निमुळते असते आणि दांडाही पुष्कळदा टोकापेक्षा बारीक असतो. म्हणून मधोमध किंवा दांड्यावर घेतलेले माप फसवते. दांड्यावरचा आकडा चकच्या दातांनी खरवडून गेला असला, तरी या पद्धतीने ओळख पटते. नंबरी आणि अक्षरी ड्रिले पाहून अनेकजण बिचकतात, पण त्यांचाही हिशेब सरळ आहे. नेहमीच्या संचात नंबर ८० सर्वांत बारीक, ०.३४ मिमी, नंबर उतरत जातो तसा व्यास चढतो आणि नंबर १ हे ५.७९ मिमीचे. तिथून पुढे अक्षरे: ए हे ५.९४ चे, झेड १०.४९ चे. पूर्ण कोष्टक पुस्तिकेच्या शेवटी दिले आहे.

रांग लागली की दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. एक, काही ड्रिले जवळजवळ जुळी निघतात. २९/६४ आणि ११.५ मिमी यांत शतांश मिलिमीटरचाही फरक नाही. ३/८ आणि ९.५ यांतही नगण्यच. असे जुळे ड्रिल म्हणजे घरात आपोआप आलेले जादा ड्रिल. त्याला वेगळी धार देऊन वेगळ्या कामाला लावता येते, त्याबद्दल पुढे लिहितो. दुसरी गोष्ट महत्त्वाची: बाजारातला नेहमीचा संच अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने चढतो, आणि त्या अर्ध्या मिलिमीटरच्या पोटात इंची ड्रिले नेमकी जाऊन बसतात. ६.० आणि ६.५ च्या मध्ये १/४. ६.५ आणि ७.० च्या मध्ये १७/६४. ८.५ आणि ९.० च्या मध्ये ११/३२.

या मधल्या मापांची किंमत कळायची असेल तर आटे पाडायला घ्यावेत. टॅप फिरवण्याआधी जे भोक पाडतो, ते किती असावे यावर सगळे अवलंबून असते. भोक लहान राहिले तर टॅप अडकतो आणि मोडतो. मोठे झाले तर आटे उथळ पडतात. वर्कशॉपात एक साधे सूत्र चालते: बोल्टच्या बाहेरच्या व्यासातून भोकाचा व्यास वजा करावा आणि आट्यांच्या अंतराला १.२९९ ने गुणून येणाऱ्या आकड्याने भागावे. उत्तर म्हणजे आट्याची खोली किती टक्के पडणार, ते. साध्या लोखंडात ६० ते ७५ टक्के पुष्कळ झाले. त्याहून खोल आटे पाडून ताकद फारशी वाढत नाही, टॅपवरचा ताण मात्र फार वाढतो.

आता एम ८ घ्या. घरातल्या कामात सगळ्यांत जास्त लागणाऱ्या बोल्टांपैकी हा एक. त्याचे अंतर १.२५ मिमी, आणि पुस्तकी भोक ६.८ मिमीचे. अर्ध्या मिलिमीटरच्या संचात ६.८ नाही. ६.५ ने भोक पाडले तर सूत्राप्रमाणे ९२ टक्के येतात आणि टॅप मोडायची पाळी येते. ७.० ने पाडले तर ६२ टक्के. चालेल, पण पातळ पट्टीत आटे कमजोर वाटतात. डब्यातले १७/६४ काढा. ६.७५ मिमी, ७७ टक्के. पुस्तकातल्या ६.८ च्या अगदी शेजारी. नव्या संचात जे नाही ते जुन्या डब्यात आहे.

एम ५ चीही गोष्ट तशीच. हवे ४.२ मिमी, संचात ४.० आहे ते फारच घट्ट, आणि ४.५ ने जेमतेम निम्मे आटे पडतात. ११/६४ म्हणजे ४.३७ मिमी, ६१ टक्के. पोलादी पट्टीत ते आरामात चालते. एम १२ ला १०.२ लागते; १३/३२ ने पाडलेल्या भोकात ७४ टक्के आटे पडतात, यापेक्षा चांगले काय हवे? एम ४ ला ३.३ लागते. इथे १/८ उपयोगाचे नाही, कारण ३.१७ च्या भोकात टॅप गुदमरतो, ९१ टक्के होतात. पण त्याच डब्यातली नंबरी ड्रिले पुढे येतात: साध्या लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला नंबर ३०, म्हणजे ३.२६, चिवट धातूला नंबर २९, म्हणजे ३.४५. एम ६, एम १० आणि एम ३ साठी मात्र संचातलीच ५.०, ८.५ आणि २.५ घ्यावीत, जुन्याचा हट्ट धरू नये. एक अपवाद सांगतो. स्टेनलेस स्टीलमध्ये एम ६ चे आटे पाडायचे असतील तर ५.० ऐवजी १३/६४ घ्या. ५.१६ च्या भोकात ६५ टक्के आटे पडतात, आणि स्टेनलेसमध्ये टॅप मोडून अडकण्याचा जो त्रास असतो, तो ज्याने भोगला आहे त्याला या दीड दशांश मिलिमीटरचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

बोल्ट नुसता आरपार जाण्यासाठी जे ढिले भोक लागते, त्यातही हीच रांग कामाला येते. एम ६ साठी घट्ट बसणारे भोक ६.४ मिमीचे मानले जाते. १/४ ने पाडलेले भोक हाताच्या ड्रिलवर तेवढेच येते, कारण हाताने पाडलेले भोक ड्रिलपेक्षा थोडे मोठेच पडते. एम ४ ला ११/६४, एम ८ ला २१/६४. दोन पट्ट्या एकमेकींवर सरकू न देता बसवायच्या असतील तेव्हा हा घट्टपणा उपयोगी पडतो. जिथे भोके एकमेकांसमोर येतील याची खात्री नाही, तिथे मात्र मोकळे भोकच बरे.

इथपर्यंत इंची ड्रिलला मेट्रिक कामाला जुंपले. पण एक मोठा प्रांत असा आहे, जिथे इंची ड्रिल मुळातच बरोबर माप आहे आणि मिलिमीटरचे ड्रिल उसने आणलेले. लाकडाचे स्क्रू घ्या. पुण्याच्या बोहरी आळीत जा किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर, स्क्रू मागायचा तो ‘आठ नंबर, दीड इंची’ असाच. या नंबरांमागे इंचाचे सूत्र आहे: नंबराला ०.०१३ ने गुणावे आणि ०.०६० मिळवावे, की इंचात व्यास येतो. आठ नंबर म्हणजे ०.१६४ इंच, ४.१७ मिमी. सहा नंबर साडेतीन मिलिमीटरचा, दहा नंबर ४.८ चा. आजच्या पाकिटांवर ३.५, ४.२, ४.८ असे छापतात. ते जुनेच सहा, आठ आणि दहा नंबर आहेत, नुसता वेश बदललेला. म्हणून आठ नंबरच्या स्क्रूला वरच्या फळीत ११/६४ चे मोकळे भोक आणि खालच्या फळीत सागवानासारख्या लाकडात ७/६४ चे, मऊ लाकडात ३/३२ चे भोक, ही सुतारांची जुनी जोडी आजही अचूक बसते. सागवानाची कड फाटते ती बहुतेक वेळा खालचे भोक न पाडल्यामुळे. ते पाडायला दहा सेकंदही लागत नाहीत.

पॉप रिव्हेटचेही तेच. ३.२, ४.० आणि ४.८ मिमी ही विचित्र मापे १/८, ५/३२ आणि ३/१६ इंचांची आहेत. ३.२ चा रिव्हेट ३.० च्या भोकात जात नाही आणि ३.५ च्या भोकात डुलतो. त्याच्यासाठी नंबर ३० चे ड्रिल आहे, ४.० साठी नंबर २०, ४.८ साठी नंबर ११. विमानाच्या पत्र्याचे काम करणारे कारागीर जगभर याच नंबरांनी बोलतात. खिडकीची जाळी बसवताना किंवा पत्र्याची पेटी दुरुस्त करताना नंबर ३० चे एक धारदार ड्रिल खिशात असावे, अशी माझी शिफारस आहे.

पाण्याच्या नळाचे आटे आपल्याकडे इंचीच आहेत आणि व्हिटवर्थच्याच ५५ अंशांचे. लहान प्रेशर गेज, हवेच्या कॉम्प्रेसरची जोडणी अशा ठिकाणी १/८ इंची पाइपचे आटे लागतात. त्यासाठी भोक ८.५७ ते ८.८५ मिमीच्या दरम्यान असावे लागते. संचातले ८.५ कमी पडते, ९.० जास्त होते. ११/३२ म्हणजे ८.७३ मधोमध बसते. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू १/४ इंची, इंचामागे २० आट्यांचा आहे आणि तो बदलण्याची चिन्हे नाहीत. त्याच्या भोकाला १३/६४ घ्यावे. फोटोचा छंद असणाऱ्यांनी फक्त एवढ्यासाठी ते एक ड्रिल आणि एक टॅप बाजूला ठेवला, तरी घरच्या घरी कितीतरी पट्ट्या आणि स्टँड तयार होतात. सायकलचे पेडल ९/१६ इंची आट्यांचे असते आणि चेनची कडी अर्ध्या इंचाची. जुनी ऑइल इंजिने, जुने लेथ, जुनी शिलाई मशिने यांची दुरुस्ती करणाऱ्यांना तर इंची संचाशिवाय पाऊल टाकता येत नाही. अशा यंत्रावर काम करताना एक पथ्य पाळावे: भोकातले आटे कुठले, हे पिच गेजने पाहिल्याशिवाय बोल्ट पिळू नये. अर्धा इंची व्हिटवर्थला इंचामागे १२ आटे, अमेरिकन पद्धतीच्या अर्धा इंचीला १३. सुरुवातीचे फेरे दोन्ही गोडीने जातात, आणि मग बीडाच्या कास्टिंगमधले आटे उखडतात.

ड्रिल कशाचे आहे, हे ओळखणेही गरजेचे आहे. जुन्या डब्यात कार्बन स्टीलची आणि हायस्पीड स्टीलची ड्रिले मिसळलेली असतात. दांड्यावर एच एस एस असे कोरलेले नसेल तर ग्राइंडरवर हलका स्पर्श करून ठिणग्या पाहाव्यात. कार्बन स्टीलच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या असतात आणि फुटून त्यांची फुले होतात. हायस्पीडच्या ठिणग्या मंद तांबूस, आखूड आणि बहुधा न फुटणाऱ्या. कार्बन स्टीलचे पाणी दोन-अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपासच उतरू लागते. टोक निळे पडले की ते मऊ झाले असे समजावे. हायस्पीड सुमारे सहाशे अंशांपर्यंत कडक राहते. म्हणून साध्या लोखंडावर १/४ इंची हायस्पीड ड्रिल मिनिटाला बाराशे फेऱ्यांच्या आसपास चालवता येते, कार्बनचे त्याच्या निम्म्याने. आजची स्वस्त हँड ड्रिले मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे मारतात. त्या वेगात आजोबांचे कार्बन ड्रिल घातले तर ते पहिल्याच भोकात जळते आणि दोष मात्र ‘जुन्या मालाला’ लागतो. कार्बन ड्रिले लाकडासाठी राखून ठेवावीत. लाकडात ती सुरेख कापतात.

आता धार. डब्यातली निम्मी ड्रिले बोथट असणार हे गृहीत धरावे. बोथट ड्रिल म्हणजे संपलेले ड्रिल, हा समज नव्या संचांच्या स्वस्ताईने पसरवला आहे. ड्रिलच्या टोकाचा नेहमीचा कोन ११८ अंशांचा, म्हणजे प्रत्येक बाजूला ५९. दोन्ही ओठ सारख्या लांबीचे, दोन्ही कोन सारखे, आणि ओठामागचा भाग दहा-बारा अंशांनी खाली उतरलेला, एवढ्या तीन गोष्टी साधल्या की ड्रिल कापणारच. ओठ लांब-आखूड झाले तर भोक मोठे पडते. मागचा उतार राहिला नाही तर ड्रिल नुसते घासते आणि तापते. कोन तपासायला गेज नसेल तर दोन षटकोनी नट घ्या आणि त्यांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटवून धरा. त्यांच्यामध्ये जी खाच तयार होते ती बरोबर १२० अंशांची असते. ड्रिलचे टोक त्या खाचेत घालून उजेडाकडे पाहिले, की कुठून प्रकाश झिरपतो ते दिसते. हायस्पीड ड्रिल धार लावताना तापले तर लगेच पाण्यात बुचकळू नये, ओठांना बारीक तडे जातात. त्याला हवेत निवू द्यावे. कार्बनचे मात्र सारखे बुडवत राहावे, नाहीतर पाणी उतरेल.

घासून घासून ड्रिल आखूड होते, तसा त्याचा आतला गाभा जाड होत जातो आणि टोकाची आडवी धार रुंदावते. मग भोक सुरू करतानाच खूप जोर लावावा लागतो. ग्राइंडरच्या कडेने तो गाभा दोन्ही बाजूंनी थोडा पातळ केला, की आखूड ड्रिल पुन्हा चपळ होते. उलट आखूडपणाचा फायदाच होतो. लांब ड्रिल टोकाशी डुलते, आखूड डुलत नाही. मोडलेल्या लांब ड्रिलला नवी धार देऊन केलेले बुटके ड्रिल, सेंटर पंचाच्या खुणेवर भोक सुरू करायला माझे सर्वांत आवडते हत्यार आहे.

जुळ्या ड्रिलांचा उल्लेख वर आला. त्यांना वेगळ्या धारा द्याव्यात. पितळेत साधे धारदार ड्रिल घुसते आणि पत्रा वर उचलून गरगर फिरवते. बोटांना इजा होण्याचे हे एक मोठे कारण आहे. पितळेसाठी ओठांची आतली कड दगडाने घासून उभी, सपाट करावी, म्हणजे ड्रिल खेचत नाही, खरवडत जाते. अशा ड्रिलच्या दांड्यावर पिवळ्या रंगाचा पट्टा मारून ते फक्त पितळेला ठेवावे. ॲक्रिलिकला हीच धार, पण टोक अधिक निमुळते. पातळ पत्र्यासाठी मध्ये बारीक टोक आणि दोन्ही कडा पुढे आलेले, माशाच्या शेपटीसारखे ड्रिल लागते. त्याने त्रिकोणी न पडता गोल भोक पडते. प्लायवुड आणि मायका यांतला डिंक ड्रिलची धार झपाट्याने खातो. तिथे नवे कोरे ड्रिल घालवण्यात अर्थ नाही, डब्यातलेच घालावे. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत मात्र यातले एकही घालू नये. ते काम कार्बाइडच्या टोकाचे.

जे ड्रिल धारेच्या पलीकडे गेले, त्याच्याही दांड्याचे तुकडे उपयोगी पडतात: मायक्रोमीटरने मोजून घेतले तर भोक तपासायची गेज म्हणून, डाव्हटेल किंवा व्ही खाच मोजताना रोलर म्हणून. जाड ड्रिलला कानशीची जुनी मूठ लावली, की भोकाच्या कडेची धार काढायचे हातातले हत्यार तयार होते. हायस्पीडच्या तुकड्याचा पंच मात्र कुणी करू नये. हातोडीच्या घावाने तो फुटतो आणि कपची डोळ्याकडे येते. चष्मा, घट्ट पकडलेला जॉब, बांधलेले केस, आत खोचलेला पदर आणि फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे नाहीत, एवढे नियम जुन्या-नव्या सगळ्या ड्रिलांना सारखेच लागू आहेत.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. बेअरिंग किंवा पिन दाबून बसवायचे भोक ड्रिलने पूर्ण होत नाही, तिथे रीमर लागतो. रीमरआधीच्या भोकाला इंची ड्रिल घेताना जपावे. १० मिमीच्या रीमरआधी २५/६४ घ्यायचा मोह होतो, पण ते ९.९२ चे आहे आणि हाताच्या ड्रिलवर भोक जरा मोठे पडले, की रीमरला कापायला काहीच उरत नाही. अशा वेळी एक पायरी खाली उतरावे. तसेच ज्या ड्रिलचा दांडा वाकला आहे किंवा ज्याच्या कडेच्या पट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, ते काढून टाकावे. सगळेच वाचवले पाहिजे असे नाही.

पुस्तिकेची मांडणी कामाच्या क्रमाने केली आहे. आधी डबा साफ करणे, गंज काढणे आणि मोजणे. मग एकत्र रांग आणि तिच्यासाठी लाकडी ठोकळा. त्यानंतर टॅपची, रिव्हेटची आणि लाकडी स्क्रूंची कोष्टके. शेवटी धार, आणि तिला सर्वांत जास्त पाने दिली आहेत. इंचाचे प्रत्येक माप २५.४ ने गुणून दोन दशांश स्थळांपर्यंत दिले आहे. तरीही महत्त्वाच्या जॉबवर भोक पाडण्याआधी त्याच धातूच्या टाकाऊ तुकड्यावर एकदा पाडून बघावे आणि टॅप घालून पाहावा. आकड्यांत कुठे चूक आढळली तर जरूर कळवावे, पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त होईल.

एक विनंती. धार लावण्याचे प्रकरण वाचण्याआधी आपल्या ओळखीतले एखादे निवृत्त फिटर किंवा आयटीआयमधले जुने निदेशक गाठा. जाताना दोन-तीन बोथट ड्रिले घेऊन जा आणि ते ग्राइंडरवर मनगट कसे वळवतात ते शेजारी उभे राहून नीट बघा. जमल्यास त्यांच्या देखरेखीखाली एक ड्रिल स्वतः लावा. ते बघितले असेल तर आमची पाने भराभर समजतील. ती विद्या येणारी माणसे अजून आपल्या आसपास आहेत आणि विचारले तर बहुतेकजण आनंदाने शिकवतात.